वास घेतला, ठीक आहे

४ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी शाळेचा सुरक्षा प्रतिनिधी.

मोठ्या बाईंनी सकाळी ऑफिसात बोलावलं तेव्हा वाटलं, शनिवारी परीक्षानळ्यांचा स्टँड पडला त्याचा जाब विचारणार. तर त्या म्हणाल्या, "बसा काका." लॅब अटेंडंट म्हणून सत्तावीस वर्षं झाली, या ऑफिसात मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी आधी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणताहेत ते.

वरून पत्र आलंय म्हणे. शिक्षक सोडून बाकी जे आम्ही शाळा चालवतो, म्हणजे शिपाई, सफाईवाले, लॅबवाले, त्यांच्यातल्या एकाने सगळ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घ्यायची. कोण कुठे घसरतं, कोण काय हुंगतं, कुणाच्या हाताला काय लागतं, सगळं बघायचं. "आणि तुमच्या नाकावर माझा पूर्ण विश्वास आहे," बाई म्हणाल्या.

असणारच. रोज सकाळी सातला लॅब उघडायची, आठही टेबलांपाशी फिरून गॅस गळत नाही ना ते हुंगायचं आणि नोंदवहीत लिहायचं, 'वास घेतला, ठीक आहे.' खाली सही. एकदा तर मी खालच्या जिन्यावरून सांगितलं होतं की वर तिसऱ्या टेबलाचा बर्नर नीट बंद केलेला नाही. तेव्हापासून पोरं मला नाककाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, मला चालतं.

एक नारिंगी जाकीट मिळालं, एक नोंदवही मिळाली आणि चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका. पण खरी गोष्ट वेगळीच. दर महिन्याच्या शिक्षकसभेत आता मला खुर्ची. इतकी वर्षं मी तिथे चहा घेऊन जायचो आणि ट्रे घेऊन परत यायचो.

पुस्तिका चाळली. एका ठिकाणी लिहिलंय, गॅसच्या नळ्यांना रोज साबणाचं पाणी लावून तपासावं. हसूच आलं. ज्यांना देवाने नाक दिलं नाही त्यांच्यासाठी असेल. आपल्याला कशाला हवाय साबण?

नोंदवहीत तीनच रकाने आहेत, माझे विचार त्यात मावणार नाहीत, म्हणून ही वेगळी वही. गेल्या महिन्यातली ती भयंकर सर्दीही एकदाची गेली. अगदी शुभमुहूर्तावर पद मिळालं म्हणायचं.

५ सप्टेंबर, मंगळवार

पहिली पाहणी. जाकीट घालून निघालो. सुरुवात मुलांच्या संडासापासून केली, कारण शाळेत सगळ्यात जास्त माणसं तिथेच घसरतात. आणि काय सांगू! पूर्वी कोपऱ्यावरूनच वर्दी मिळायची. आज थेट आत जाऊन उभा राहिलो, मजेत. काही नाही. सफाईवाल्या मावशींना शाबासकी दिली. (त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, पण शाळेत जिच्या हातात झाडू ती मावशीच.) त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून पाणी नाहीये. अजून हातसुद्धा लावला नाही मी."

कौतुक केलं की माणसं लाजतात.

मग त्यांना बादली कशी उचलायची ते शिकवलं. पुस्तिकेत अकराव्या पानावर चित्र आहे. कंबर सरळ, गुडघे वाकवून, ओझं अंगाजवळ. मी करून दाखवलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस कंबर धरली होती. चित्र चुकलंय, मी पत्र लिहिणार आहे.

घरातही कुणाचं लक्ष नाही. चार आठवडे झाले, भाजीला चव म्हणून नाही. आज बोललोच. बायको म्हणाली, "तीच भाजी, तोच हात, तेच तेल. तुमच्या तोंडाला काय झालंय?" म्हटलं, तोंडाला काही झालेलं नाही, हाताला झालंय. त्यानंतर जेवण शांततेत झालं. फारच शांततेत.

फिनेलवाल्यालाही तक्रारीचं पत्र लिहून ठेवलं. डबा उघडून नाकाशी धरला तरी पत्ता नाही. नुसतं पांढरं पाणी विकतात मेले.

१२ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहू की नको, संध्याकाळपासून विचार करतोय. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं?

चारला घरी आलो. बायको शेजारी गेली होती, जाताना म्हणाली, गॅसवर दूध आहे, लक्ष ठेवा. मी स्वयंपाकघरातच बसलो, दुधाकडे पाठ करून, पुस्तिका वाचत. पान पाच, 'आगीची पूर्वसूचना'. बायको धावत आली ती नाकाला पदर लावून. "अहो, काय करताय! जिन्यापर्यंत वास आलाय!" मागे वळून पाहिलं तर भांडं आतून काळंठिक्कर.

म्हटलं, वाचनात गुंग होतो.

तिने खिडक्या उघडल्या, भांडं मोरीत टाकलं, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. "डोळे मिटा," म्हणाली. मिटले. "सांगा, हे काय?" म्हटलं, फूल असेल. "आणि हे?" म्हटलं, हेही फुलासारखंच काहीतरी. "आणि हे?" आता मी चिडलो. म्हटलं, किती फुलं आणलीस?

डोळे उघडले. ताटलीत ठेचलेला लसूण होता. शेजारी रॉकेलचा बोळा. आणि तिच्या हातात माझा मोजा. सकाळी सहापासून घातलेला.

मला वास येत नाही.

लिहून पाहिलं. पुन्हा वाचलं. खरंच आहे.

१४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, सर्दीनंतर होतं असं कधी कधी. काही महिन्यांनी परत येईल, कदाचित नाहीही येणार. इतक्या सहज म्हणाले, जणू छत्रीबद्दलच बोलताहेत.

बाहेर पडल्याबरोबर बायको म्हणाली, "उद्या आधी मोठ्या बाईंना सांगा."

"उद्या सभा आहे."

"मग सभेत सांगा. सगळ्यांना एकदमच कळेल."

"सांगतो ना!"

"त्या लॅबमध्ये पोरं असतात," ती म्हणाली. हे काय मला माहीत नाही? रोज चाळीस पोरं, आठ टेबलं, आठ बर्नर. माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

१५ सप्टेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं.

सांगणार होतो, शपथ. खुर्चीवर बसलो होतो. खिडकीजवळची, हात असलेली खुर्ची. चहा दुसऱ्याने आणून दिला, मी "थँक्यू" म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, आता सुरक्षा प्रतिनिधी दोन शब्द बोलतील. मी उभा राहिलो, घसा खाकरला. तेवढ्यात रसायनाच्या मॅडम म्हणाल्या, "काका काय बोलणार, ते करून दाखवतात. त्यांची सही दिसली की मी डोळे मिटून बर्नर पेटवते."

सगळे हसले. मी म्हणालो, जिन्याच्या पायऱ्यांना खरबरीत पट्ट्या लावायला हव्यात. आणि बसलो.

ही गोष्ट मला आवडलेली नाही. माझीच आहे तरी.

१८ सप्टेंबर, सोमवार

रात्रभर तळमळलो आणि पहाटे युक्ती सुचली. अक्कल असावी तर अशी.

सकाळी मावशींना म्हटलं, "पुस्तिकेप्रमाणे प्रत्येकाला गॅसतपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आजपासून रोज सातला माझ्याबरोबर फेरी." आता मी पुढे, त्या मागे. प्रत्येक टेबलापाशी थांबायचं, मी मास्तरांसारखा विचारतो, "हं, इथे काय वाटतं?" त्या म्हणतात, "ठीक आहे." पुढचं टेबल. "ठीक आहे." चांगली चुणचुणीत बाई आहे. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. आठ टेबलं झाली की मी सही करतो.

नाक त्यांचं, सही माझी. पोरंही सुखरूप, खुर्चीही सुखरूप. कुणाचं काय बिघडलं?

२१ सप्टेंबर, गुरुवार

मावशींना सुगावा लागलेला नाही, पण त्या हुशार झाल्या आहेत. मंगळवारी दुसऱ्या टेबलापाशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सुरक्षावाले ना? माझे हात बघा." बोटांच्या पेरांना भेगा, तळवे सोललेले. ॲसिडने संडास घासतात, उघड्या हातांनी. चौदा वर्षं. मी रोज त्यांना बघतो, कधी हात बघितले नव्हते.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे नाकच त्यांच्याकडे. मुकाट्याने बाईंकडे जाऊन रबरी हातमोजे मागितले. बुधवारी तोंडाला लावायचा मास्क मागितला, आज लांब दांड्याचा ब्रश. मोठ्या बाईंनी सगळं मंजूर केलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे निदान कुणीतरी मागायला आलं. मला या गोष्टी कुणी सांगितल्याच नव्हत्या." मी छाती काढून बाहेर आलो. जिन्यापर्यंतच टिकली ती छाती.

२५ सप्टेंबर, सोमवार

बायकोने बोलणं कमी केलंय. 'सांगितलं का?' एवढंच विचारते. मी युक्ती समजावली. तिने ऐकून घेतलं, पोळी वाढली, मग म्हणाली, "आणि मावशी एक दिवस आल्या नाहीत तर?"

म्हटलं, चौदा वर्षांत त्यांची एक रजा नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

मावशी आल्या नाहीत. दाढ काढायला गेल्या.

सात वाजता मी लॅबच्या दारात एकटा. दुसऱ्या तासाला नववीचं प्रॅक्टिकल. आत गेलो. सवयीने पहिल्या टेबलापाशी वाकलो, जोरात श्वास ओढला. काही नाही. दुसऱ्यापाशी. काही नाही. अहो, काही नसणारच! सिलिंडर उघडा टाकला असता तरी मला काही आलं नसतं. नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं. 'वास' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.  दरवाजाला कुलूप लावून घरी पळावं असंही वाटलं, हे खरं तेच लिहितो.

मग ती पुस्तिका काढली. पान एक्केचाळीस. सिलिंडर चालू केला, चहाच्या कपात साबण कालवला, चित्रकलेच्या खोलीतून रंगाचा ब्रश आणला आणि एकेक नळी, एकेक सांधा रंगवत सुटलो. पहिलं टेबल, काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. चौथ्याला खाली, बर्नरला नळी जिथे बसते तिथे, एक बुडबुडा आला. वाटलं, साबणाचाच असेल. फुंकर मारून घालवला. पुन्हा आला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग छोटे छोटे बरेच. रबर खालच्या बाजूने चिरलं होतं, जिथे वाकून, डोकं घालून बघितल्याशिवाय दिसत नाही.

 बाकीचं नीट केलं. सिलिंडर बंद, खिडक्या सताड, दिव्याच्या बटणाला हात नाही, सगळ्यांना बाहेर ठेवलं, दाराला कुलूप. मग मोठ्या बाईंकडे गेलो.

अर्ध्या तासात शाळाभर झालं. नाककाकांनी गळती पकडली! रसायनाच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मी येऊन चौथ्याच टेबलावर बर्नर लावणार होते हो." मोठ्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तुमचा सत्कार. हे असं नाक कितीजणांकडे असतं?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

मावशी परत आल्या, एक गाल सुजलेला. सकाळी सातला गाठलं त्यांना. मी तापलोच होतो. "मंगळवारी त्या चौथ्या टेबलापाशी तुम्ही मला ठीक आहे म्हणालात! ती चीर काय काल एका रात्रीत पडली? तुम्हाला कसा वास आला नाही?"

मावशींनी गालावरचा हात काढला. "मला कसा येणार?"

"म्हणजे?"

"भाऊ, चौदा वर्षं फिनेल आणि ॲसिड हुंगतेय मी. मला कशाचाच वास येत नाही. घरी पोरगी सांगते, आई, भात लागला, तेव्हा कळतं."

मी जवळच्या स्टुलावर बसलो. "मग रोज ठीक आहे, ठीक आहे का म्हणत होतात?"

"तुम्ही विचारायचात म्हणून. मला वाटलं, तुम्ही आधी हुंगलेलंच असेल, तुम्ही नाककाका! माझी परीक्षा घेताय. बरोबर उत्तर ठीक आहे, एवढं मला कळलं होतं. आणि नाही म्हटलं असतं तर हातमोजे दिले असते का?"

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बराच वेळ. "भाऊ," हळूच म्हणाल्या, "तुम्हालापण?"

मी मान डोलावली.

सुजलेल्या गालाने माणसाला हसू नये, पण त्या हसल्या. दुखत होतं तरी हसत राहिल्या. मग मीही हसलो. आठ दिवस दोन बिननाकाची माणसं आठ टेबलं हुंगत फिरली, आणि खाली माझी झोकदार सही! 

"उद्या सत्कार आहे," मी म्हटलं.

"मग घ्या की," मावशी म्हणाल्या. "पण परवा काय करणार?"

२९ सप्टेंबर, शुक्रवार

मैदानावर सगळी शाळा. मोठ्या बाईंनी भाषण केलं. यंत्रापेक्षा माणूस मोठा, अनुभवी नाकाची सर कशाला येत नाही, आपण शेजारच्या शाळांनाही कळवणार आहोत की रोज अशीच तपासणी करा. मी जाकीट घालून मंचावर उभा. शेवटचं वाक्य ऐकलं मात्र. शेजारच्या शाळांमध्येही चौथी टेबलं असतील.

माइक हातात दिला. मी म्हणालो, "मला वास येत नाही."

 मग सगळी शाळा खो खो हसली. टाळ्याही वाजल्या. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, "बघा, किती नम्र आहेत काका!"

"अहो, खरंच येत नाही!" आणखी हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "नाककाका झिंदाबाद!" आता काय करावं? जन्मभर खोटं बोललो असतो तर कुणी शंका घेतली नसती, एकदा खरं बोललो तर लोक टाळ्या वाजवताहेत.

तेवढ्यात मैदानाच्या कडेने मावशी आल्या. हातात मुलांच्या संडासातली बादली. पाणी पुन्हा तीन दिवस नव्हतं. त्या मंचावर चढल्या, बादली बरोबर माझ्या पायाशी ठेवली, आतलं फडकं काठीने वर काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. मी दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मावशींनीही घेतला. आम्ही दोघं बागेत उभे असल्यासारखे उभे होतो. आणि समोर पाचवीच्या रांगा मागे सरकायला लागल्या. नाकं दाबली गेली, रुमाल निघाले. संगीताचे सर खोकत पेटी तिथेच टाकून गेले. मोठ्या बाई मंचाच्या टोकापर्यंत मागे गेल्या होत्या, नाकावर पदर, आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

आता कुणी हसत नव्हतं.

मग सगळं सांगितलं. सर्दी, मोजा, खुर्ची, सह्या, साबण. मावशींच्या नाकाचंही त्यांना विचारून सांगितलं, कारण ते सर्दीने गेलेलं नव्हतं.  लाज वाटत होती, इतकी की जाकीट अंगाला चटके देत होतं. पण बोललो.

३० सप्टेंबर, शनिवार

सकाळीच मोठ्या बाईंसमोर जाकीट, पुस्तिका आणि किल्ल्या ठेवल्या. बाई रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. "पंधरा दिवस तुम्ही मला फसवलंत, काका. चाळीस मुलांच्या जिवाशी खेळलात." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"नोंदवहीत लिहा. सगळं."

लिहिलं. कुठल्या तारखेपासून सह्या खोट्या, तेही. बाईंनी वाचलं, खाली स्वतःची सही केली. मग मावशींना आत बोलावलं. सोमवारी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं, शाळेच्या वेळेत, पगार न कापता. संडासातलं ॲसिड आजपासून बंद. मावशी खिडकीची काच पुसायला लागल्या.

मी निघालो तर बाई म्हणाल्या, "किल्ल्या राहिल्या तुमच्या." मी म्हटलं, बाई, नाक नाहीये मला. "म्हणूनच. नाकावर भरवसा होता तोवर तुम्ही ती पुस्तिका धड वाचली होती का?" जाकीट मात्र त्यांनी ठेवून घेतलं. सभेतल्या खुर्चीबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

दुपारी लॅबचं कपाट आवरलं. जुन्या नोंदवह्या निघाल्या, सत्तावीस वर्षांच्या. त्या काळात माझं नाक एकदम झकास होतं. तरी सहज म्हणून पाहिलं. दुसऱ्या वर्षी दोनदा सर्दी, तशीच सही. एकदा तापात येऊन सही. आणि परवाची ती चीर तर इतकी बारीक आणि खाली, की उभ्याने फिरणाऱ्या धडधाकट नाकालाही कळली नसती. अशा आणखी किती असतील, कुणी कधी साबण लावून बघितलंच नाही. पानोपानी माझं अक्षर, 'वास घेतला, ठीक आहे.' चौथ्या टेबलावर किती पोरं बसून गेली. काही आता बाप झाली आहेत, रस्त्यात भेटली की नाककाका म्हणून हाक मारतात.

ती सगळी पोरं रोज सुखरूप घरी गेली. मला वाटायचं, माझ्यामुळे.